बंद घरात उतू गेलेलं दूध

१

शनिवारी सकाळी साडेदहाला मालोजीरावांनी कुलूप काढलं, आम्ही आत गेलो, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर दूध उतू गेलेलं दिसलं. वाळून पिवळं पडलेलं, कडेवरून खाली ओघळलेलं, त्यावर मुंग्यांची रांग. भिंतीला हळदीची पाच बोटं उमटलेली. शेजारी शेवंतीची दोन फुलं, सुकलेली. आणि हे घर तीन महिने बंद होतं.

तुम्ही म्हणाल, सांडलं असेल दूध, फडकं घेऊन पुसा. म्हैसूरला तसं चालत नाही. इथं घर भाड्याचं असो की स्वतःचं, पाऊल टाकल्यावर पहिलं काम दूध उतू घालवायचं. ज्याचं दूध तिथं उतू गेलं, तो त्या घरात आला. मग सामान महिन्याने आणा, माणसं दोन महिन्यांनी आणा, कोणी विचारत नाही. म्हणजे आमच्या आधी त्या घरात कोणीतरी राहायला येऊन गेलं होतं.

मी सत्यनारायण. लष्कर मोहल्ल्यात माझी चार मशिनं चालतात. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश. वरच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको कमलाक्षी, मुलगी कीर्तना आणि तिची चार वर्षांची स्मृती राहतो. जावई मस्कतला असतो. स्मृतीला धाप लागते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, कापडाचे तंतू या पोरीच्या छातीत जातात, मशिनं हलवा नाहीतर पोरीला हलवा. मशिनं हलवली तर खायचं काय? म्हणून कुवेंपुनगरात घर बघायचं ठरलं. कीर्तना तिथल्याच शाळेत शिकवते.

आणि कुवेंपुनगरात घर मिळवणं म्हणजे काय, हे ज्याने मिळवलंय त्यालाच विचारा. मालोजीरावांनी बावीस हजार सांगितले. मी सोळापासून सुरू केलं. ते हसले, मी चहा मागितला. तीन आठवडे हेच चाललं. ते पाचशे उतरायचे, मी अडीचशे चढायचो. ॲडव्हान्स दहा महिन्यांचा की सहा, घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापायचं की अर्ध्या महिन्याचं, यावर मी इतका बोललो की कमलाक्षी म्हणाली, एवढ्यात दहा ब्लाऊज झाले असते. शेवटी बुधवारी दुपारी एक वाजता फोनवर साडेएकोणीसला तोडगा निघाला. मी लगेच पाच हजार टोकन पाठवून दिलं. कारण गुरुवारी अमावास्या होती आणि शुक्रवारी आषाढ लागत होता. आषाढात इथं कोणी घर बदलत नाही, कोणी शुभ काम धरत नाही. आम्ही श्रावणात जाणार होतो. शनिवारी फक्त नळ, खिडक्या, दिवे बघायला आलो होतो. मी, कीर्तना, मालोजीराव आणि ब्रोकर शरदचंद्र.

मालोजीराव ओट्यापाशी गेले. म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात त्यांचे पूर्वज होते, मिशा अजून त्याच थाटाच्या आहेत. आवाज मात्र कधी चढवत नाहीत. ते वळले आणि मला म्हणाले, "सत्यण्णा, पडद्यांचं माप घ्यायला म्हणून मी तुम्हाला चावी दिली होती. मंगळवारी संध्याकाळपासून गुरुवारपर्यंत ती तुमच्याकडे होती."

२

चावी होतीच माझ्याकडे, भाव जमत आला म्हणून मंगळवारीच मागून घेतली होती. बुधवारी दुपारी चारला जाऊन मी सहा खिडक्यांची मापं घेतली होती. स्वयंपाकघरात गेलो नव्हतो, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीला कोण पडदा लावतं? दार लोटलेलं होतं, मी उघडलंसुद्धा नाही. हे सगळं मी सांगितलं आणि सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं.

मालोजीरावांचा राग दुधाचा नव्हता. आधीच्या एका भाडेकरूने कागद होण्याआधी असंच दूध उतू घालवलं, आत बसला, आणि त्याला बाहेर काढायला चार वर्षं कोर्टात गेली. तेव्हापासून त्यांचा नियम एकच. आधी सही, मग पाऊल. मी टोकन देऊन गुपचूप ताबा घेतला असं त्यांना वाटलं.

बसमध्ये कीर्तनाने मला विचारलं, "अप्पा, तुम्ही केलं नाही ना?" पोटच्या पोरीने हे विचारावं. मी कुक्करहळ्ळी तलाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी आल्यावर कमलाक्षीला सगळं सांगितलं. ही माझी बायको हातशिलाई करते, दिवसभर मान खाली, तोंड बंद. लोकांना वाटतं हिला जगातलं काही कळत नाही. मोहल्ल्यात कोणाचं लग्न मोडणार हे मुलाच्या आईच्या आधी हिला कळतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, चाव्या किती?

चाव्या तीन. एक माझ्याकडे आली ती. दुसरी शरदचंद्रकडे. तिसरी मालोजीरावांच्या घरी, दाराजवळच्या खिळ्यावर. त्यांचं घर त्या इमारतीच्या मागच्याच रस्त्यावर आहे. बुधवारी ते पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते, पण तेव्हा घर रिकामं नव्हतं, त्यांची बहीण वनजाक्का सरगूरहून आलेली होती, ती घरात होती. त्यामुळे ती चावी बाहेरच्या कोणाच्या हाती लागणं शक्य नाही, असं मालोजीराव म्हणाले होते.

"मग शरदचंद्र," मी म्हणालो. मला तो आधीपासून आवडत नव्हता. पुण्याहून इथं आला, शुद्ध मराठी बोलतो, आणि महिन्याभराचं भाडं दलाली म्हणून घेतो.

दुपारी दोघं त्याच्या ऑफिसात गेलो. तो घाबरला नाही. उलट हसत कबूल केलं की बुधवारी संध्याकाळी सहाला त्याने तेच घर आणखी एका जोडप्याला दाखवलं. गगन आणि चंदना, दोघंही कंप्युटरवाले. माझ्याशी एक वाजता भाव ठरला होता, तरी सहाला त्याने घर दुसऱ्याला दाखवलं! म्हणे, सौदा मोडला तर हातात दुसरं गिऱ्हाईक नको का? मी काही बोलणार तेवढ्यात कमलाक्षीने माझी बाही ओढली.

इमारतीच्या वॉचमनला विचारलं. त्याने बोटं मोजून सांगितलं. त्या घरात या आठवड्यात, आज सोडून, बुधवारीच माणसं आली, तुम्ही चारला, दलाल आणि ते जोडपं सहाला. बाहेरचं दुसरं कोणी आलं नाही, मी सकाळी सातपासून खुर्ची सोडली नव्हती.

म्हणजे एकतर मी, नाहीतर ते जोडपं. माझ्या अंगात जीव आला. नव्या जोडप्याला जास्त भाडं देऊन घर हवं असणार, आषाढ लागायच्या आत दूध उतू घालवून त्यांनी घर अडवून ठेवलं असणार. मी रिक्षातच निकाल लावून टाकला.

चंदनाने दार उघडलं, आम्हाला बसवलं, बिस्किटं दिली. मी दुधाचा विषय काढताच तिने नाक मुरडलं. "हो अंकल, किचन इतकं घाण होतं! दूध सांडलेलं, मुंग्या. आम्ही त्याच्यावरच तर बार्गेन केलं. बावीसचे वीस मागितले, आणि आषाढात तुम्हाला दुसरं कोण भेटणार म्हणून आणखी एक हजार." गगन आतून म्हणाला की त्यांना आषाढ वगैरे काही नाही, उलट आषाढात घर स्वस्त मिळतं म्हणून ते मुद्दाम आत्ता शोधतायत.

सहा वाजता दूध वाळलेलं होतं. म्हणजे ते त्याच्या बरंच आधी उतू गेलं. आणि सहाच्या आधी त्या घरात पाऊल टाकणारा, सगळ्यांच्या हिशेबाने, मी एकटाच.

३

रविवारी सकाळी मालोजीरावांचा फोन आला. मला वाटलं टोकन परत घ्या म्हणतील. पण ते शांतपणे म्हणाले, "सत्यण्णा, मी रात्रभर विचार केला. तुमच्या नातीला धाप लागते, मला ठाऊक आहे. आषाढाआधी घाई झाली असेल तुम्हाला, माणूस आहे, होतं. दूध उतू गेलंय म्हणजे घर आता तुमचंच. दुसऱ्याला द्यायला माझं मन घेत नाही. साडेएकोणीस कायम. फक्त उद्या येऊन माझ्यासमोर कबूल करा. एवढंच."

मी फोन ठेवला आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. एक शब्द बोलायचा होता. हो राव, चुकलो. झालं. घर मिळत होतं, भाव तोच, आणि वरून त्यांच्या मनात दया. तीन आठवडे मी अडीचशे-अडीचशेवर घसा कोरडा केला, आणि आता एका खोट्याने सगळं हातात पडत होतं.

वर स्मृती खोकत होती. रविवारी मशिनं बंद असली तरी कापडाचे गठ्ठे असतातच.

मी कमलाक्षीला म्हणालो, उद्या कबूल करून टाकतो. तिने सुई थांबवली नाही. तिने विचारलं, राव आणखी काय काय बोलले होते, बुधवारचं? सगळं सांगा, तुम्हाला बिनकामाचं वाटलं तेही.

मी आठवायला लागलो. बुधवारी एकला मी फोन केला तेव्हा ते जेवत होते. बहीण वाढत होती. ते कुरकुरत होते की वनजा दर महिन्याला सरगूरहून पितळी बरणीत कच्चं दूध आणते, घरच्या गायीचं, आणि खीर करते. यावेळी बरणी रिकामीच आली, बसमध्ये सांडलं म्हणाली. आणि दर वेळी संध्याकाळच्या बसने परत जाते, यावेळी म्हणाली आषाढ शुक्रवारी डोंगरावर चामुंडीला जाऊन मग बघू. आता शुक्रवार होऊन गेला तरी आहेच. शनिवारी आम्ही पायऱ्या चढत असताना राव हेही सांगत होते. म्हातारपणी माणसं बोलतात, मी हो हो करत होतो.

कमलाक्षीने दोरा तोडला. मग तिने विचारलं, "भिंतीवर हळद होती म्हणालात. कुंकू कुठं होतं?"

मला आठवेना. खिडक्यांची मापं विचारा, मी झोपेत सांगेन. कुंकू होतंच असणार, हळद आहे तिथं कुंकू असतंच की.

"चला," ती म्हणाली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, रविवारी दुपारी हिने स्वतःहून बाहेर जायचं नाव काढल्याचं मला आठवत नाही.

४

शरदचंद्रने त्याच्या चावीने घर उघडून दिलं. त्याला वाटलं आम्ही पुसायला आलोय.

कमलाक्षी ओट्यापाशी उभी राहिली. तिने काही हातात घेतलं नाही. फक्त बघितलं, नाकाने वास घेतला, आणि ओट्याच्या कोपऱ्यातून एक छोटा काळा तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. करवंटीचा जळका तुकडा होता. ओट्याच्या दगडावर तीन ठिकाणी फिकट डाग होते, विटा मांडल्यासारखे.

या घरातली शेगडी मागच्या भाडेकरूने नेली होती. चंदनासारखी पोरगी असती तर विजेची शेगडी घेऊन आली असती. शरदचंद्र असता तर त्याने एवढी तसदीच घेतली नसती. इथं कोणीतरी तीन विटा मांडून करवंट्या पेटवल्या होत्या, आणि जाताना राख गोळा करून, विटा उचलून जागा झाडली होती. दूध तेवढं पुसलं नव्हतं. उतू गेलेलं दूध त्या दिवशी पुसत नाहीत.

वाळलेल्या दुधावर सायीचा जाड पापुद्रा होता. पिशवीच्या दुधाला अशी साय येत नाही, हे मलासुद्धा कळलं.

मग तिने भिंत दाखवली. हळदीची पाच बोटं, एका ओळीत, स्पष्ट. फुलं होती. अक्षता होत्या, चार दाणे खाली पडलेले. कुंकू नव्हतं. ओट्यावर नाही, भिंतीवर नाही, फुलांना लागलेलं नाही.

"विसरले असतील," मी म्हणालो.

"अक्षता आठवतात, फुलं आठवतात, आणि कुंकू विसरतं?" कमलाक्षी हळूच म्हणाली. "कुंकवाकडे हात गेला असेल तिचा. मग मागे आला असेल."

नव्या घरात दूध सवाष्ण उतू घालवते. नवरा-बायको मिळून करतात. आम्ही सगळे, राव, मी, शरदचंद्र, पहिल्यापासून जोडपंच शोधत होतो. भाडेकरूचं जोडपं, आमचं जोडपं. एखादी विधवा बाई एकटी येऊन हे करेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपल्यात ती पुढे येतच नाही अशा वेळी. कोणी बोलावत नाही, तीही येत नाही.

आणि वॉचमन म्हणाला होता, बाहेरचं कोणी आलं नाही. मी खाली जाऊन त्याला पुन्हा विचारलं, आतलं कोणी आलं होतं का? तो म्हणाला, मालकांची बहीण आली होती की, अकरा वाजता, हातात पिशवी आणि बरणी. ती कशी बाहेरची?

मी जिन्यातच बसलो. माझं नाव धुऊन निघालं होतं, आनंद व्हायला हवा होता. पण पुढचं मला दिसत होतं. उद्या कबूल केलं तर घर माझं. खरं सांगितलं तर मी खरा, आणि घर बहिणीचं. बहिणीने दूध उतू घालवलेलं घर राव मला देणार नाहीत, आणि दिलं तरी मी कोणत्या तोंडाने घेऊ?

कमलाक्षी शेजारी बसली. मी म्हणालो, "अगं, स्मृतीचं काय?"

तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "मलाही तेच पडलंय. पण ती बाई पाच दिवस रावांच्या घरात बसून आहे, आणि तोंड उघडत नाही. उद्या तुम्ही खोटं कबूल केलंत तर ती कधीच उघडणार नाही."

५

सोमवारी सकाळी आम्ही दोघं मालोजीरावांच्या हॉलमध्ये बसलो. रावांनी स्वतः खुर्च्या ओढल्या. मी कबूल करायला आलोय अशी त्यांची खात्री होती, त्यामुळे ते फारच आदराने वागत होते. वनजाक्का कॉफी घेऊन आल्या. सत्तरीच्या आसपास, अंगाने बारीक, फिकट जांभळी साडी. कोपऱ्यात त्यांची ट्रंक होती. एका दिवसासाठी आलेलं माणूस ट्रंक आणत नाही, हे आमच्या आधी रावांना दिसायला हवं होतं.

"बोला सत्यण्णा," राव म्हणाले.

मी कमलाक्षीकडे बघितलं. तिने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि रावांशी नाही, वनजाक्कांशी बोलली. "वनजाक्का, बुधवारचं दूध बसमध्ये नव्हतं सांडलं ना?"

त्या उभ्या होत्या तशा खाली बसल्या, जमिनीवरच. राव म्हणाले, हा काय प्रश्न. मग त्यांनी बहिणीकडे बघितलं.

"नव्हतं," त्या म्हणाल्या.

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात, रडल्या नाहीत. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. सरगूरचं घर पुतण्याचं. त्याच्या मुलाचं लग्न ठरलंय, खोली हवी. पुतण्या वाईट नाही, त्याने फक्त विचारलं, काकू, तुम्ही आषाढात मागच्या पडवीत झोपाल ना? अण्णाचं घर तीन महिने रिकामं आहे हे त्यांना ठाऊक होतं. बुधवारी अण्णाला विचारायचंच असं ठरवून त्या निघाल्या होत्या. आषाढ लागायच्या आत दूध उतू घालवलं तर पाऊल पडल्यासारखं होईल, मग विचारायला धीर येईल, असं त्यांना वाटलं. अण्णा बँकेत गेला तशी त्यांनी खिळ्यावरची चावी घेतली, मागच्या अंगणातल्या करवंट्या आणि तीन विटा पिशवीत भरल्या. लग्न होऊन गेल्या तेव्हा सासूच्या घरात गेल्या. दूध सासूचं. त्यांच्या हाताने दूध उतू गेलेलं घर आयुष्यात हे पहिलं.

"मग सांगितलं का नाहीस?" राव म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला.

"तू जेवायला बसलास. मी तोंड उघडणार तोवर यांचा फोन आला. साडेएकोणीस म्हणालास. तुझा शब्द गेला, अण्णा. तुझा शब्द मी कसा मोडू? आणि आळ या माणसावर आला हे मला काल सकाळी कळलं, तू फोनवर बोलत होतास तेव्हा. आज सांगणारच होते. देवाशपथ सांगणार होते."

राव उठून खिडकीपाशी गेले. ती इमारत जिथं उभी आहे तो प्लॉट त्यांच्या वडिलांचा. वडील गेल्यावर वनजाक्कांनी हक्कसोडपत्रावर सही केली होती, आणि रावांनी त्यांना एक साडी नेसवली होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की मोठ्या मिशांचा माणूस बाहेर बघत उभा आहे आणि त्याचे खांदे हलतायत.

मग ते माझ्याकडे आले आणि त्यांनी हात जोडले. मला आयुष्यात कोणा घरमालकाने हात जोडलेले नाहीत. मी घाईने उठून ते धरले. ते म्हणाले, टोकन आजच परत करतो, आणि मला तोंड दाखवायला जागा नाही. मी म्हणालो, राव, असू दे. डोळ्यांसमोर स्मृती होती, रात्री उठून बसणारी.

राव बहिणीला म्हणाले, चावी ठेव, घर तुझंच आहे, भाड्याचं नाव काढू नकोस.

आणि इथं वनजाक्कांनी मान वर केली. "नाही अण्णा. भाडं घे."

"भाडं कसलं? वेडी आहेस?"

"भाडं घेतलंस तर मी भाडेकरू. नाही घेतलंस तर मी भावाकडे राहायला आलेली बहीण. बहिणीला उद्या कोणीही म्हणेल, अज्जी, जरा मागे सरका. करार कर. अकरा महिन्यांचा, सगळ्यांचा करतोस तसा. माझ्या नावावर."

मग राव म्हणाले, शंभर रुपये. वनजाक्का म्हणाल्या, नवऱ्याची पेन्शन येते मला, आठ हजार देईन. राव म्हणाले, पाचशे, त्याच्या वर एक रुपया नाही. त्या म्हणाल्या, सात. मी जन्मभर भाव करत आलोय, पण घरमालक खाली ओढतोय आणि भाडेकरू वर, असा सौदा मी बघितला नव्हता. दोघंही हट्टी. शेवटी राव मला म्हणाले, सत्यण्णा, तुम्ही यातले दर्दी, तुम्हीच तोडा. मी पाच हजार सांगितले. ॲडव्हान्स नाही, आणि सोडताना रंगाचे पैसे कापायचे नाहीत. रंगाच्या अटीवर वनजाक्का अडल्या होत्या, मीच दटावून गप्प केलं.

आम्ही निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. कमलाक्षीला त्यांनी विचारलं, "नातीला मशिनं सुरू असतानाच त्रास होतो ना? दिवसा?"

कमलाक्षी म्हणाली, दिवसाच जास्त.

"मग दिवसा तिला माझ्याकडे ठेवा. तुमच्या मुलीची शाळा इथंच आहे, सोडून जाईल, घेऊन जाईल. मला दोन खोल्या काय करायच्या आहेत?"

मी सवयीने विचारलं, किती घेणार? मग माझीच मला लाज वाटली. वनजाक्का मात्र हसल्या, त्या दिवशी पहिल्यांदा. म्हणाल्या, आषाढ संपू दे, मग भाव करू.

श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी त्यांचं सामान गेलं. एक ट्रंक, एक पलंग, पितळी बरणी. राव म्हणाले, आता नीट मुहूर्तावर पुन्हा दूध उतू घालवू, कमलाक्षी वहिनींच्या हाताने. कमलाक्षी नको म्हणाली. दूध बुधवारीच उतू गेलंय, म्हणाली, घरात पहिलं पाऊल एकदाच पडतं. तिने कुंकवाचा करंडा आणला होता, तो वनजाक्कांच्या हातात दिला आणि ओट्याकडे बोट केलं. वनजाक्कांनी करंडा उघडला. मग त्यांनी भिंतीवरच्या हळदीच्या पाच बोटांशेजारी कुंकवाची पाच बोटं लावली.

आता स्मृती दिवसभर तिथं असते. रात्री घरी आणतो, तेव्हा मशिनं बंद झालेली असतात आणि कापडाचे तंतू उडू नयेत म्हणून मी खाली दोनदा पाणी मारून घेतो. घर अजून शोधतोय, शरदचंद्रने परवा एक दाखवलं, तेवीस सांगतोय, मी सतरापासून सुरू केलंय. वनजाक्कांच्या सहा खिडक्यांना पडदे मी शिवून दिले. मापं माझ्याकडे होतीच.